पाळणाघरातून आलेली पिशवी: डाग, विरलेले गुडघे आणि सैल इलॅस्टिक

पाळणाघरातून मूल घरी आलं की आधी त्याला जवळ घ्यायचं आणि मग लगेच, दारातच, त्याची पिशवी उघडायची. रात्री सगळं आवरल्यावर बघू म्हणून ती तशीच खुंटीला अडकवली की आतल्या ओल्या कपड्यांना कुबट वास धरतो. दुपारी साध्या पाण्याने निघाला असता तो डाग तोवर वाळून धाग्यात मुरलेला असतो. चार-पाच तासांचा फरक म्हणजे काही फार नाही असं वाटतं, पण डागांच्या बाबतीत तो बराच असतो.

मी पाळणाघरात मुलं सांभाळते. माझी मोठी मुलगी पाळणाघरातच वाढली, धाकटा अजून जातो. त्यामुळे कपडे कुठे आणि कसे माखतात हे मी दिवसभर बघते आणि संध्याकाळी तेच कपडे माझ्या बादलीत असतात. पाळणाघराचे कपडे हे मुलाचे कामाचे कपडे आहेत. ते माखणार, विटणार, गुडघ्यावर विरणार. ते कोरे राहावेत असा प्रयत्न करू नका. जे वाचवता येतं ते कमीत कमी कष्टात वाचवा आणि बाकीचं निवांतपणे झिजू द्या. खाली जे लिहिते आहे ते याच हिशोबाने.

धुण्याआधी: काय घालून पाठवायचं

निम्मे डाग सकाळी कपाटापुढेच टळतात. गडद रंग, बारीक नक्षी, सुती किंवा सुतीचं प्रमाण जास्त असलेलं कापड. एकरंगी फिक्या शर्टावर ठिपकाभर रंगही दिसतो, नक्षीत मोठा डागही लपतो. पांढरं शक्यतो नको, मात्र आतले बनियन पांढरे असले तर बिघडत नाही, कारण पांढरं सुती कापड जोरकस धुलाई सोसतं.

शी-शू सांगायला शिकत असलेल्या मुलाला कमरेला इलॅस्टिक असलेली पॅन्टच द्या. बटण, हूक, साखळी (झिप) काढेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं आणि मूल रडवेलं होतं. ज्या बंडीच्या खांद्यावर कापडाचे दोन पदर एकमेकांवर आलेले असतात तिचा गळा मोठा ताणता येतो. तो पदर त्यासाठीच असतो: शी पाठीपर्यंत गेली तर बंडी डोक्यावरून न काढता खांद्यांवरून खाली ओढून पायांतून काढायची, म्हणजे केसांना काही लागत नाही. हे अनेक आईबाबांना माहीत नसतं. मी दाखवलं की त्यांच्या चेहऱ्यावर हायसं वाटलेलं दिसतं.

टोपीच्या आणि गळ्याच्या नाड्या काढून टाका. घसरगुंडीच्या फटीत किंवा दाराच्या मुठीत नाडी अडकून गळ्याला फास बसू शकतो. युरोपच्या मानकानुसार सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपीशी आणि गळ्याशी ओढायची नाडी चालतच नाही. घरी असलेल्या जुन्या कपड्यांची नाडी ओढून काढायला अर्धा मिनिट लागतं.

नाव घाला. धुलाईच्या सूचनांची जी छोटी पट्टी आत शिवलेली असते तिच्यावर पक्क्या शाईच्या पेनाने नाव लिहिलं की बरेच महिने टिकतं. शाई पुसट झाली की पुन्हा गिरवायची. मोज्यांच्या तळव्यावरही लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मुलाला "कपडे मळवू नकोस हं" असं सांगून पाठवू नका. रंगाच्या टेबलापासून दोन पावलं लांब, फ्रॉक दोन्ही हातांनी आवळून उभी राहिलेली मुलगी मी पाहिली आहे. बाकीची मुलं कोपरापर्यंत हात बुडवून खेळत असतात आणि ही नुसती बघत असते. त्या फ्रॉकची किंमत तिच्या त्या तासाइतकी नक्कीच नसते. घरातल्या मोठ्या माणसाचा जुना शर्ट, बाह्या कापून, बटणं पाठीकडे येतील असा उलटा घालायला दिलात तर त्याचा उत्तम एप्रन होतो. असा एक शर्ट नाव घालून पाळणाघरातच ठेवायला द्या.

पहिलं पाणी गार

डाग कशाचा आहे हे ठाऊक नसेल तर गार पाणी. दूध, रक्त, अंडं, उलटी, शी या सगळ्यांत प्रथिनं असतात. गरम पाण्यात अंडं जसं थिजून घट्ट होतं तशीच ही प्रथिनं कापडाच्या धाग्यांत थिजतात आणि मग सुटता सुटत नाहीत. गार पाण्याने कुठलाही डाग बिघडत नाही, म्हणून सुरुवात तिथून.

पाणी डागाच्या पाठीमागून सोडायचं. कपडा उलटा करा, डाग नळाखाली धरा, धार मागून पुढे जाऊ द्या. समोरून पाणी मारलं तर डाग आत ढकलला जातो. घट्ट काही चिकटलं असेल तर आधी चमच्याच्या कडेने अलगद खरवडून घ्या. ओला डाग टिपताना कडेकडून मध्याकडे या, नाहीतर पसरतो. आणि जोरात चोळू नका. विणलेलं मऊ कापड चोळल्याने डागाआधी तेच फाटायला येतं, शिवाय त्या जागेचा रंग उडतो.

डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नाही आणि ड्रायर तर मुळीच नाही. कपडा ओला असताना डाग गेलासा वाटतो, म्हणून वाळवण्याआधी उजेडात धरून बघा. थोडा जरी दिसला तरी पुन्हा भिजत घाला. उष्णता एकदा लागली की तो डाग पुढे तीन-चार धुलाया तरी तुमच्याशी भांडतो, आणि बऱ्याचदा तोच जिंकतो.

कशाचा डाग, काय करायचं

दूध आणि बाटलीचं दूध: ताजा डाग दिसतही नाही. पण त्यातली चरबी हवेने हळूहळू पिवळी पडते आणि कपाटात ठेवलेल्या धुतलेल्या झबल्याच्या गळ्याशी काही महिन्यांनी पिवळं वर्तुळ उमटतं. लाळेराच्या काठाला नेमकं हेच होतं. गार पाण्यात खंगाळा, मग एन्झाइम असलेल्या डिटर्जंटच्या कोमट पाण्यात अर्धा ते एक तास भिजवा. डब्यावर घटक वाचा: प्रोटिएज प्रथिनं तोडतं, अमायलेज पिष्ट, लायपेज चरबी. ही एन्झाइम्स साधारण 30 ते 40 अंश सेल्सियसच्या पाण्यात छान चालतात, पण त्यांना वेळ द्यावा लागतो. टाकलं आणि लगेच धुतलं तर त्यांचा उपयोग जवळजवळ वाया जातो. लोकर आणि रेशीम ही स्वतःच प्रथिनं आहेत, म्हणून प्रोटिएज असलेलं डिटर्जंट त्यांना वापरू नका.

शी: घट्ट भाग संडासात टाकायचा, मग गार पाणी, मग एन्झाइमचं डिटर्जंट. तान्ह्या बाळाचा पिवळा डाग उरलाच तर ओल्या कपड्यावर ऊन पडू द्या. उन्हात तो बहुधा फिका होत जातो. मुलाला जुलाब किंवा उलट्या होत असतील तर मात्र वेगळा नियम. ते कपडे झटकू नका, बाकीच्या कपड्यांत मिसळू नका, आणि खंगाळून झाल्यावर कापड सोसत असेल तर 60 अंशांवर वेगळे धुवा. पट्टीवरच्या टबच्या चित्रात जो आकडा असतो तो त्या कपड्याला चालणारं जास्तीत जास्त तापमान सांगतो. आकडा नसून ठिपके असतील तर एक ठिपका म्हणजे 30 अंश, दोन म्हणजे 40. धुतल्यावर हात साबणाने नीट धुवा.

रक्त: पडलं, खरचटलं, नाकातून आलं. गार पाणी आणि फक्त गार पाणी, जितक्या लवकर तितकं बरं. पांढऱ्या सुती कापडावर उरलेल्या डागाला 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाका, फेस येऊन डाग फिका होतो. रंगीत कपड्याचा रंग त्याने उडू शकतो, म्हणून आतल्या शिवणीवर आधी तपासा.

फळं आणि फळांचा रस: इथे साबणाची वडी वापरू नका. फळांतल्या टॅनिनचे डाग वडीच्या साबणाने जास्त पक्के होतात. गार पाणी, मग द्रव डिटर्जंट, मग गरज पडली तर थोडा लिंबाचा रस किंवा पांढरं व्हिनेगर लावून धुवा. केळं सगळ्यात फसवं. सकाळी शर्टावर नुसता ओलसर चिकटा असतो, संध्याकाळी तो तपकिरी होतो आणि धुतल्यावर काळपट. कापलेलं केळं जसं हवेने काळं पडतं तेच इथे कापडावर घडतं. चिकट काही दिसलं की रंग नसला तरी धुऊन टाका. बिनरंगी रसाचंही तसंच आहे.

टोमॅटो: त्यातला लाल रंग तेलात विरघळणारा असतो, म्हणून नुसत्या पाण्याला दाद देत नाही. भांडी घासायचं लिक्विड थेंबभर लावून बोटाने फिरवा, दहा मिनिटं थांबा, धुवा, उन्हात घाला. हळदीचा डाग साबण लागला की लालसर होतो आणि माणूस घाबरतो. साबण अल्कधर्मी असतो आणि हळदीतला कुर्कुमिन हा रंग अल्कात लाल होतो, एवढंच. नीट खंगाळलं की तो पुन्हा पिवळा होतो आणि ऊन त्याला उडवतं. हळदीवर उन्हाइतकं गुणकारी मला दुसरं काही सापडलेलं नाही.

माती आणि चिखल: इथे घाई नको. ओला चिखल धुवायला गेलात तर तो धाग्यांत भरतो. पूर्ण वाळू द्या, कडक ब्रशने झटका, मग धुवा. वाळूही आधी बाहेर झटकून घ्या. गवताचा हिरवा डाग मात्र चिखलासारखा नसतो. त्यात पानांचा रंग आणि प्रथिनं दोन्ही असतात, त्याला एन्झाइमचं डिटर्जंट लावून अर्धा तास ठेवा.

रंग: पाळणाघरातल्या ताईंना एकदा विचारून घ्या की रंग कुठले वापरतात. धुतले जाणारे पोस्टर कलर असतील तर गार पाण्यात बहुतेक निघून जातात. अ‍ॅक्रिलिक मात्र वाळलं की प्लास्टिकचा थर होतं. ते ओलं असतानाच धुवायला हवं, आणि ते बाईंच्या हातात असतं, तुमच्या नाही. म्हणून "अ‍ॅक्रिलिक सांडलं तर कपडा लगेच पाण्यात टाकाल का" एवढी विनंती करायला काहीच हरकत नाही. आम्हाला अशा विनंतीचा राग येत नाही, उलट सोपं जातं.

स्केचपेन बहुतेक पाण्यातले असतात. बॉलपेन आणि पक्क्या मार्करला अल्कोहोल लागतं: डागाखाली जाड कापूस किंवा जुनं फडकं ठेवा, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा रंग-वास नसलेलं हॅन्ड सॅनिटायझर कापसाने लावून टिपत राहा, शाई खालच्या फडक्यात उतरते. फडकं सरकवत राहा म्हणजे नेहमी कोरी जागा खाली येईल. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको, आणि कपडा आधी खळखळून धुतल्याशिवाय मशीनमध्ये टाकू नका.

मेणाच्या खडूचा डाग थंड करून खरवडा, मग वर आणि खाली टिपकागद ठेवून कोमट इस्त्री टेकवा. मेण कागदात शोषलं जातं. उरलेल्या रंगाला भांड्यांचं लिक्विड. कागद-कामाचा पांढरा गोंद गार पाण्यात फुगून मऊ होतो, मग साबणाच्या कोमट पाण्यात निघतो.

आता दोन डाग असे की ज्यांवर क्लोरीन ब्लीच टाकलं तर ते आणखी बिघडतात. एक, लोहाच्या टॉनिकचा तपकिरी डाग. दुसरा, उन्हापासून बचावाच्या क्रीमचा. काही क्रीममध्ये अ‍ॅव्होबेन्झोन असतं आणि ते पाण्यातल्या लोहाशी जुळून गळ्याशी गंजासारखा नारिंगी पट्टा उमटवतं. दोन्हींना ब्लीच नको. लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल लावून थोडा वेळ ठेवा आणि धुवा. क्रीमच्या डागावर आधी भांड्यांचं लिक्विड, कारण त्यात तेलही असतं. लंगोटाच्या जागी लावायचं झिंकचं पांढरं मलमही असंच चिवट आहे: खरवडायचं, लिक्विड लावायचं, कोमट पाण्यात धुवायचं, पुन्हा तेच.

भिजवणं, आणि बादलीची काळजी

पांढऱ्या आणि पक्क्या रंगाच्या सुती कपड्यांसाठी माझा भरवसा सोडियम परकार्बोनेटवर आहे. बाजारात ऑक्सिजन ब्लीच म्हणून जी पावडर मिळते तिच्यात मुख्यतः हेच असतं. पाण्यात पडलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो. 40 अंश किंवा त्याहून गरम पाण्यात ते चांगलं काम करतं, म्हणून प्रथिनांचा डाग आधी गार पाण्याने काढलेला असायला हवा. पाकिटावरच्या मापाने घ्या. पांढरं सुती कापड रात्रभर ठेवलं तरी चालतं, रंगीत एखाद-दोन तास. धातूची साखळी आणि टिचबटणं असलेले कपडे जास्त वेळ ठेवू नका. लोकर-रेशमाला अजिबात नाही. आणि तयार केलेलं पाणी झाकणबंद बाटलीत भरून ठेवू नका, त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. दर वेळी ताजं करा.

क्लोरीन ब्लीच मी मुलांच्या कपड्यांना वापरत नाही. इलॅस्टिक आणि ताणलं जाणारं कापड त्याने कमकुवत होतं आणि पिवळं पडतं. वापरणार असाल तर व्हिनेगर, लिंबू किंवा दुसरं कुठलंही आम्ल त्याच्याजवळही आणू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. लघवीने भिजलेल्या कपड्यांवरही थेट ओतू नका. लघवीत अमोनिया तयार होतो आणि त्याच्याशी ब्लीचचा संयोग झाला की घातक वाफा निघतात.

भिजवलेली बादली लहान मूल असलेल्या घरात जमिनीवर उघडी कधीही ठेवायची नाही. चालायला शिकणारं मूल बादलीत डोकावतं, डोकं जड असल्याने आत जातं आणि त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. बुडायला काही सेंटिमीटर पाणीही पुरतं. झाकणाचा डबा घ्या किंवा दार बंद होणाऱ्या जागी उंचावर ठेवा, आणि काम झालं की पाणी लगेच ओतून द्या. डिटर्जंटच्या रंगीत, मऊ कॅप्सूल तर मुलांना खाऊ वाटतात, त्या कुलूपबंदच हव्यात. डागांबद्दल या लेखात लिहिलेलं सगळं विसरलात तरी चालेल, हा परिच्छेद विसरू नका.

ऐकीव उपायांपैकी दोन सोडून द्या. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फेस येतो आणि काहीतरी घडतंय असं वाटतं, पण ते एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरतं जवळजवळ नुसतं पाणी. वेगवेगळे वापरा. आणि रंग जाणारा कपडा मिठाच्या पाण्यात ठेवल्याने रंग पक्का होत नाही. पहिल्या काही धुलाया त्याला वेगळं धुणं, इतकंच करता येतं.

मशीनमध्ये टाकताना कपडे उलटे करा, साखळ्या लावा, मशीन गच्च भरू नका. डिटर्जंट जास्त घातल्याने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत. न निघालेलं डिटर्जंट कापडात राहतं, कापड कडक होतं, मुलाच्या त्वचेला खाज सुटते. सॉफ्टनर लाळेरांना आणि पंच्यांना घालू नका, त्याने पाणी शोषायची ताकद कमी होते.

विरलेलं, उसवलेलं, सैल झालेलं

रांगणाऱ्या मुलाचा गुडघा आणि घसरगुंडीवरच्या मुलाची बूड, पॅन्ट इथेच जाते. ठिगळ भोक पडायच्या आधी लावलं तर काम निम्मं होतं. महिन्यातून एकदा पॅन्ट दिव्यासमोर धरा. गुडघ्याशी उजेड जास्त आत येत असेल तर तिथे आतून ठिगळ लावायची वेळ झाली.

ठिगळासाठी नवं कापड घेऊ नका. जुन्या, बऱ्याच वेळा धुतलेल्या टी-शर्टचा तुकडा घ्या, तो आणखी आटत नाही. विणीच्या कापडाला विणीचंच ठिगळ, जीन्सला जीन्सचं. विरलेल्या भागापेक्षा चारी बाजूंनी दीडेक सेंटिमीटर मोठं कापा आणि कोपरे गोल करा, टोकदार कोपरे आधी उसवतात. लहान पॅन्टचा पाय इतका अरुंद असतो की शिलाई मशीनवर चढत नाही. त्यावर उपाय म्हणजे ज्या बाजूच्या शिवणीवर वरून टीप नसते ती गुडघ्यापाशी उसवायची, कापड सपाट पसरायचं, ठिगळ लावायचं आणि शिवण पुन्हा घालायची. हाताने शिवणार असाल तर याची गरज नाही, पायात एखादी वाटी किंवा चेंडू घालून कापड ताणून घ्या. विणीच्या कापडाला बोथट टोकाची सुई वापरा, साधी सुई धागा तोडते आणि तिथून नवी भोकं पळतात. इस्त्रीने चिकटणारी ठिगळं झटपट होतात, पण धुलायांनी त्यांच्या कडा सुटतात, म्हणून चिकटवल्यावर कडेने टाके घालाच.

ठिगळ बाहेरून लावायचं असेल तर मुलाला रंग निवडू द्या. माझ्या मुलीने तिच्या निळ्या पॅन्टवर केशरी गोल निवडले होते. ती पॅन्ट तिने तोकडी होईपर्यंत सोडली नाही. दोन्ही गुडघ्यांना लावा, फाटलेला एकच असला तरी. दुसरा फार मागे नसतो.

इलॅस्टिक सैल झालं म्हणून चांगली पॅन्ट टाकलेली बघून मला वाईट वाटतं. हे वीस मिनिटांचं काम आहे. कमरेच्या पट्टीची शिवण आतून दोन सेंटिमीटर उसवा, जुनं इलॅस्टिक बाहेर काढा, नव्याच्या टोकाला सेफ्टी पिन लावून फिरवून घ्या, दोन्ही टोकं एकावर एक ठेवून पक्की शिवा, पट्टी बंद करा. लांबी मुलाच्या कमरेपेक्षा थोडीच कमी. संध्याकाळी पोटावर लाल वळ दिसत असेल तर ते घट्ट झालं.

बटणं दर धुलाईला ओढून बघा. सैल बटण मुलाच्या तोंडात जातं आणि घशात अडकू शकतं, म्हणून आज सैल दिसलं तर आजच शिवायचं किंवा कापून टाकायचं. अडकणाऱ्या साखळीच्या दातांवर मेणबत्ती घासली की ती सरकते. गुडघ्याला भोक मोठं झालं असेल आणि ऊन्हाळा जवळ आला असेल तर पॅन्ट गुडघ्यावर कापून हाफपॅन्ट करा. कापताना दुमडपट्टीसाठी तीन सेंटिमीटर जास्त ठेवा. विणीच्या कापडाचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे लेगिंग नुसती कापली तरी चालते.

कापडावर आलेले बारीक गोळे हे घर्षणाने येतात. सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडावर जास्त दिसतात, कारण मजबूत पॉलिएस्टरचे धागे ते गोळे गळून पडू देत नाहीत. त्यांनी काही बिघडत नाही, पाळणाघरासाठी तर मुळीच नाही.

डाग गेलाच नाही तर

सुती कपडा धड आहे पण छातीवर डाग आहे, अशा वेळी गडद रंगात रंगवणं हा चांगला मार्ग आहे. सुती कापड रंग घेतं, पॉलिएस्टर साध्या रंगात रंगत नाही. शिवणीचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, तो जुन्याच रंगाचा राहतो आणि कपड्याला नकळत छान कड मिळते. तेलाचा डाग असेल तिथे रंग नीट धरत नाही, म्हणून आधी तो काढा. नाहीतर डागावर कापडाचं पान, मासा, चांदणी शिवा. किंवा काहीच करू नका. स्वच्छ धुतलेला, वाळलेला डागाळलेला शर्ट पाळणाघराला शोभतो. आम्ही तिथे डाग मोजत नाही, मूल कोरडं आणि उबदार आहे ना एवढंच बघतो.

धाकट्यासाठी ठेवायचे कपडे ठेवण्याआधी धुऊन, खडखडीत वाळवून ठेवा, वर लिहिलेली ती पिवळी वर्तुळं कळत नकळत राहिलेल्या दुधा-तेलाचीच असतात. दुसऱ्याला द्यायचे तर आपण आपल्या मुलाला घातले असते असेच द्या. जे कुणालाच घालता येणार नाहीत त्यांतले सुती टी-शर्ट चौकोनी कापा. त्यांना शिवण घालावी लागत नाही आणि सांडलेलं पुसायला त्यांच्याइतकं मऊ फडकं नाही. कापण्याआधी बटणं, साखळ्या आणि धड असलेलं इलॅस्टिक काढून झाकणाच्या डब्यात ठेवा, मुलाच्या हाताला लागणार नाही अशा जागी.

आणि तोकडे झालेले पण धड कपडे असतील तर पाळणाघरात विचारा. ज्या मुलाचे स्वतःचे जास्तीचे कपडे संपले त्याला घालायला आम्ही काही जोड ठेवतो आणि ते नेहमी कमी पडतात. नावाची पट्टी कापून, साइज दिसेल अशी घडी घालून द्या. शर्ट कमी दिलेत तरी चालेल. पॅन्ट जास्त द्या, संपतात त्या पॅन्टच.